रळियातचा घोट

त्या खोलीत काय काय होतं, ते आधी मोजून सांगते.

लाकडी घोडीला टांगलेली एक झोळी. एक खाट. अकरा सुती फडकी, घडी घातलेली. स्टीलच्या दोन वाट्या, एक चमचा. बाळाचं वजन करायचा एक काटा. पितळेचं एक किलोचं एक वजन. एक वही, एक पेन. भिंतीत एक कोनाडा, त्याला लाकडी दार, दाराला लावलेली कडी. खिडकी एक, बंद. दरवाजा एक, आतून बंद.

आणि माणसं दोन. मी आणि माझा छत्तीस दिवसांचा मुलगा.

तिसरं कुणी नव्हतं. सगळे हेच विचारतात, म्हणून आधीच लिहून टाकते.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. या पानावरच्या भुताखेतांच्या गोष्टी मीही वाचायची आणि बहुतेकींना हसायची. तुम्ही माझ्या गोष्टीला हसलात तरी चालेल. पण घडलं ते खरं आहे. आकडे तारखांसह वहीत आहेत, आणि वही माझ्याजवळ आहे.

गाव सावरकुंडला, गुजरातेतलं. महिना वैशाख.

वेळ रात्रीची नव्हती...

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

आमचं घर वजनकाट्यांचं. खाली कारखाना, वर आम्ही. सकाळी आठपासून हातोड्या सुरू व्हायच्या, एकला थांबायच्या. एक ते चार सगळं गाव झोपतं. त्या तीन तासांत आमच्या गल्लीत कुत्रंही भुंकत नाही.

केयूर, माझा नवरा, काटे बनवतो. लग्न ठरवायला आमच्या घरी आला होता तेव्हा म्हणाला होता, "काट्याला नातं कळत नाही. म्हणून मला काटे आवडतात." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

दोनदा गर्भ टिकला नाही. तिसऱ्या खेपेला उर्विल झाला. ऑपरेशन करून. वजन दोन किलो नऊशे.

तिसऱ्या दिवसापासून तो ओकायला लागला.

प्यायचा मात्र पोटभर. मग पाच मिनिटं, दहा मिनिटं शांत... आणि सगळं बाहेर. गुळणी नव्हे, धार. माझ्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत.

गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले. ढेकर काढा, अर्धा तास उभं धरा म्हणाले. आणि म्हणाले, "वजन वाढतंय तोवर घाबरू नका. उतरलं, तर त्याच दिवशी राजकोटला न्या. दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी."

मग मी मोजायला लागले. पाजण्याआधी बाळ तोलायचं, पाजल्यावर तोलायचं, म्हणजे किती प्यायला ते कळतं. फडकं कोरडं तोलायचं, ओलं तोलायचं, म्हणजे किती ओकला ते कळतं. साठ ग्रॅम आत. पंचावन्न बाहेर. कधी अठ्ठावन्न.

बा, माझी सासू, दारात उभी राहून बघायची.

"आमच्यात कापूस तोलतात, शेंगा तोलतात," ती म्हणाली. "ओकारी तोलणारी वहु पहिल्यांदा बघितली."

"बा, तोललं नाही तर कळणार कसं?"

"आईला न तोलता कळतं."

वहीत वजन रोज दहाएक ग्रॅमनी वाढत होतं. ते मला पुरेसं होतं.

फक्त दुपारी...

दुपारी तो रडायचा नाही. रात्रंदिवस किंचाळणारं मूल दोनच्या सुमारास गप्प व्हायचं. मीही थकून डोळा लावायची. एकदा अर्धवट झोपेत आवाज आला.

गुटुक... गुटुक... गुटुक...

गिळण्याचा आवाज. मूल अंगावर पीत असताना येतो तसा.

डोळे उघडले. उर्विल झोळीत, मी खाटेवर. मध्ये चार हात अंतर. वाटलं, स्वप्न असेल.

संध्याकाळी त्याच्या उजव्या गालावर ठसा दिसला. बारीक बारीक ठिपके, ओळीत. बांधणीच्या गाठी टोचल्यावर उठतात तसे.

मी बाळंतपणापासून साधे सुती गाऊन घालत होते.

बांधणी माझ्या अंगावर नव्हतीच.

छत्तिसावा दिवस. सकाळी त्याला पुसताना टाळूवर हात गेला. टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली... ती तशीच उभी राहिली. काट्यावर ठेवला.

तीन किलो दोनशे चाळीस.

हात एक सांगत होता, काटा दुसरंच. हा काटा मी पहिल्या दिवशी तपासला होता. नंतर नाही. त्या घरात काट्यावर संशय घेणं म्हणजे माणसांवर संशय घेणं.

खाली गेले. कारखान्यातलं पितळेचं एक किलोचं वजन उचलून आणलं आणि काट्यावर ठेवलं.

एक किलो दोनशे.

पुन्हा ठेवलं. एक किलो दोनशे.

तीन हजार दोनशे चाळीसला एक पूर्णांक दोनने भागा. दोन किलो सातशे. जन्मल्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी.

केयूर जेवायला वर आला. मी विचारलं, "काटा कुणी फिरवला?"

त्याने कोणता काटा, असं विचारलं नाही. तिथेच मला उत्तर मिळालं.

"रोज थोडा थोडा," तो म्हणाला. "तू रडत होतीस, धरती. आकडा वाढला की दोन घास खायचीस."

"डॉक्टर काय म्हणाले होते, तेव्हा तू शेजारीच बसला होतास."

"हो."

"उतरलं तर त्याच दिवशी, असं म्हणाले होते."

"बा म्हणाली, सव्वा महिना निघू दे. बाळ त्याआधी उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. दोनच दिवस राहिलेत."

"का न्यायचं नाही?"

त्याने बाच्या तोंडाकडे बघितलं. मी पण बघितलं. बा भाकरी मोडत होती. मोडत राहिली.

"सांगून टाका बा," मी म्हणाले. "मी मोजूनच घेणार आहे."

तिने सांगितलं. आवाज न चढवता, जेवता जेवता. केयूर झाला तेव्हा तिला दूध आलं नव्हतं. तिची जाऊ, रळियात, दहा दिवसांपूर्वीच बाळंत झाली होती. रळियातचा मुलगा प्यायचा आणि ओकायचा. प्यायचा आणि ओकायचा.

"मी तिला म्हटलं, तुझ्याच्या पोटात ठरतच नाही, मग माझ्याला दे. वाया कशाला घालवतेस?"

मी ते वाक्य नंतर वहीत लिहिलं. जसंच्या तसं.

रळियातचा मुलगा सदतिसाव्या दिवशी गेला. तोवर केयूर तिच्या अंगावर पीत होता. त्यानंतरही दीड वर्ष प्यायला. त्याचं अंगावरचं पिणं सुटलं आणि एका दुपारी ती याच खोलीत झोपली... ती उठली नाही.

"तिच्या दुधाचं देणं आमच्या अंगावर आहे," बा म्हणाली. "तुझे दोन गेले, तेव्हा मी आणि केयूरने तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, आता राहू दे. येईल त्याला पहिला घोट तुझा."

गळथुथी, म्हणजे बाळाच्या जिभेवरचं पहिलं गूळपाणी, ज्याच्या हातचं असेल त्याच्याकडे मूल ओढ घेतं, असं आमच्यात मानतात. मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. मला सांगितलं होतं की नणंदेने दिली. फोटोसुद्धा दाखवला होता.

ती रळियातच्या नावाने दिली होती. तिच्या बांधणीचा पदर गूळपाण्यात बुडवून.

"केयूर, तू होतास तिथे?"

"वाटी मीच धरली होती."

काट्याला नातं कळत नाही. केयूरला कळत होतं. फक्त ते माझ्याशी नव्हतं.

मी अमरेलीला भावाला फोन केला. "भाई, गाडी घेऊन ये. आत्ता."

"काय झालं गं?"

"ये फक्त."

"तासाभरात पोचतो. दार लावून बस."

मी दार लावून बसले. काटा स्वतः सरळ केला. पितळेचं वजन ठेवलं: एक किलो शून्य ग्रॅम. एक पन्नासला उर्विलला पाजलं. दोनला सगळं बाहेर आलं. दोन वाजून पाच मिनिटांनी वजन केलं: दोन किलो सातशे. त्याला झोळीत ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसले. डोळा लागू नये म्हणून पेनचं टोक तळहातात दाबून धरलं.

तो रडत होता. रडण्यात जोर राहिला नव्हता. मांजराच्या पिल्लासारखा आवाज.

दोन वाजून दहा मिनिटं...

रडणं मध्येच थांबलं. दमून थांबतं तसं हळूहळू नाही. तोंडात काही आल्यावर थांबतं तसं.

झोळी हलली नाही... पण तिची एक कड खाली गेली. कुणी कोपर टेकवावं तशी.

खोलीत सुंठीचा वास आला. तुपात परतलेल्या सुंठीचा, बाळंतिणीच्या अंगाला येतो तो. मी सुंठ खायची आठ दिवसांपूर्वीच सोडली होती.

मग आवाज.

गुटुक... गुटुक... गुटुक...

मी मोजले. एका मिनिटात चाळीस.

त्याचं डोकं मला दिसत होतं. जबडा हलत होता. उजवा गाल चपटा झाला होता, कशावर तरी दाबल्यासारखा. समोर हवा होती. हवाच होती, हे मी डोळे न मिटता बघितलं.

उर्विल गिळू लागला की एरवी मला पान्हा फुटायचा. त्या दिवशी गाऊन कोरडा राहिला.

पुढचं वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. मी उठू शकत होते. माझे पाय गेले नव्हते, वाचा बसली नव्हती. झोळी चार हातांवर होती. तो गिळत होता, म्हणून मी उठले नाही.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी आवाज थांबला. झोळीची कड वर आली. मी उठून आधी कोनाडा बघितला. कडी निघून लोंबत होती. आत लाल बांधणीची घडी, वर चांदीची छोटी वाटी. घडीचा वरचा पदर ओला होता.

उर्विलला उचललं. तोंडाच्या कडेला दूध होतं. गालावर ठिपके.

काट्यावर ठेवला. दोन किलो सातशे पंचाहत्तर.

पितळेचं वजन ठेवलं. एक किलो शून्य ग्रॅम.

पंधरा मिनिटं उभं धरलं. तो ओकला नाही.

भाऊ आला. मी बाळ, वही आणि ते पितळेचं वजन घेऊन जिना उतरले. बा उंबऱ्याशी उभी होती. मला वाटलं, अडवेल. तिने अडवलं नाही. उर्विलच्या गालाकडे बघितलं आणि विचारलं, "प्यायला ना?"

तिच्या तोंडावर सुटकेचा भाव होता. तो मला अजून दिसतो.

केयूर कारखान्यात होता. सगळं गाव झोपलेलं असताना त्याची एकट्याची हातोडी चालू होती.

राजकोटला सोनोग्राफी केली. जठराचं तोंड ठीक. रक्त ठीक. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. सलाइन लावलं, नळीने दूध दिलं, तेही बाहेर आलं. तरी वजन चढत होतं. चौथ्या दिवशी सिस्टर मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"बेन, दुपारी लपवून पाजता आणि कागदावर लिहीत नाही. असं केलं तर आम्ही इलाज कशाचा करायचा?"

"मी नाही पाजत."

"मग कोण पाजतं? मी?"

आता आम्ही अमरेलीत भावाच्या घरी आहोत. तिसरा मजला, नवीन इमारत, भिंतीत एकही कोनाडा नाही. उर्विल पाच महिन्यांचा आहे. सगळे म्हणतात, बाळसं छान धरलंय. माझ्या हातचं तो अजूनही ओकतो. माझं दूध गेल्या महिन्यात आटलं. दुपारी दोन वाजले की तो माझ्या कडेवरून वाकतो, झोळीकडे हात पसरतो.

केयूरचा फोन येतो. "काटा सरळ केलाय," तो म्हणतो. "ये आता."

मी फोन ठेवते.

काटा मी नवा घेतला, दुसऱ्या गावातून, अनोळखी दुकानातून. पितळेचं वजन वजनमापांच्या कचेरीतून तपासून आणलं आहे. भावालाही शेजारी बसवून आकडे वाचायला लावते. तो वाचतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो.

आजची नोंद.

दुपारी दोन वाजून पाच मिनिटं: पाच किलो नऊशे वीस ग्रॅम.

मी पाजलेलं: शून्य.

दोन वाजून पस्तीस मिनिटं: सहा किलो दहा ग्रॅम.

ओकारी: शून्य.

पितळेचं वजन: एक किलो शून्य ग्रॅम.