कप्तान चंद्रावरच राहिला

पौष लागला होता. तापीवर इतकं धुकं, की राजघाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. श्रीकांत मास्तर सहज फिरायला म्हणून आला, तर धुक्यातून आधी बायकांचं कुडकुडणं ऐकू आलं, मग त्या दिसल्या. सिंधीपुऱ्यातल्या बाया न्हाऊन, घोंगड्या गुंडाळून वर येत होत्या. पुढे म्हातारी रंभाबाई. मास्तरला पाहताच ती थांबली.

"मास्तर, चांगलं हट्टंकट्टं पोरगं हकनाक मारलं तुम्ही. आता त्याचा दहावा कोन घालीन? चंद्रावर भट जातो का?"

श्रीकांतला घाम फुटला — पौषात! तेवढ्यात रंभाबाईच्या मागून, तिचं बोचकं हातात धरलेली उषा पुढे आली.

"तुम्ही तर हद्द केली मास्तर," ती हळूच म्हणाली. "सुतक लागलं अख्ख्या मोहल्ल्याला."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. डोळ्यांत मात्र नव्हतं.

झालं होतं असं. शनवाऱ्यातल्या धर्मशाळेच्या अंगणात दर अमावास्येला संध्याकाळी जादूच्या कंदिलाचा खेळ व्हायचा. गोष्ट चंद्रावरच्या स्वारीची. पण चांदण्यात पडद्यावर चित्र उठत नाही, म्हणून चंद्रावर जायचं ते अमावास्येला. गोष्ट रचायचा श्रीकांत, शाळेत विज्ञान शिकवणारा. काचेवर चित्रं रंगवायची उषा. तिच्या वडिलांचं फोटोचं दुकान होतं आणि फोटोंना हाताने रंग देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि शूर कप्तान बोलायचा तो गजाननच्या आवाजात. तो 'उडवा विमान' म्हणाला, की वेशीवरची कबुतरं उडायची. कप्तानाचा चेहराही उषेने गजाननवरूनच काढला होता.

कार्तिकात गजाननला भुसावळला रेल्वेत नोकरी लागली, तो गेला. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच उषेच्या वडिलांनी श्रीकांतच्या आत्याकडे निरोप धाडला, 'आमची उषा तुमच्या श्रीकांतला कशी वाटते?'

कशी वाटते! दोन वर्षं कंदिलाच्या आडून तो पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत आला होता. पण अख्खा शनवारा उषेचं नाव गजाननशी जोडत होता. म्हणजे एक गेला, म्हणून रिकाम्या पाटावर दुसरा बसवायचा... आत्या रोज विचारायची आणि तो रोज चष्मा पुसत बसायचा. ना हो, ना नाही. त्याच तिरमिरीत काल संध्याकाळी त्याने कप्तानावर धूमकेतू घातला. धूमकेतू उषेनेच रंगवला होता, पण तो कप्तानाला गिळणार हे तिला ठाऊक नव्हतं.

"मारलंत कशाला?" घाटाच्या पायऱ्या चढता चढता तिने विचारलं.

"गजानन नाही, तर कप्तान तरी कसा राहील?"

"घरातला माणूस नोकरीला परगावी गेला, तर त्याच्या नावाने आंघोळ करतात का? आहे तिकडे सुखात, म्हणायचं. कप्तान चंद्रावरच राहिला म्हणा — तिथल्या लोकांना विहिरी खणून द्यायला."

श्रीकांतला हसू आलं. मग घाबरत घाबरत म्हणाला, की दुसऱ्या कुणाकडून कप्तानाचे बोल म्हणवून घेतले तर? चेहरा तोच, आवाज तेवढा नवा.

"बिलकुल नाही. दुसऱ्याच्या अंगरख्यात माणूस घालायचा नाही. लोक जन्मभर बाह्याच मोजत बसतील." ती थांबली. "नवा माणूस नवा म्हणूनच आणा. आणि आल्या आल्या त्याच्याकडून पराक्रम नको. नवी सून आली की पहिल्याच दिवशी पुरण घालायला सांगतो का आपण? आधी पाणी भरू दे, चुकू दे, हसू देत लोक. मग आपोआप घरची होते."

महिनाभर श्रीकांत फोटोच्या दुकानात जात राहिला. वडील पुढे गिऱ्हाईक बघायचे, मागच्या खोलीत उषा काचेवर झुकलेली असायची. नव्या माणसाचं नाव वामन ठरलं; विमानाची यंत्रं पुसणारा, बुजरा. त्याला मिशा हव्यात का, यावर तर दोन दिवस वाद चालला. उषेचं म्हणणं, गजाननला होत्या म्हणून याला नकोतच. लग्नाच्या निरोपाचा विषय मात्र तिने काढला नाही. तोही गप्पच.

पौषातली अमावास्या आली. वामनचे बोल म्हणायला कोणीच मिळेना, तेव्हा श्रीकांतच उभा राहिला. कप्तान जिवंत आहे हे कळताच रंभाबाईने कानशिलावर बोटं मोडली. मग वामन बोलला. पहिल्याच वाक्याला श्रीकांतचा आवाज चिरकला आणि अंगण खदखदून हसलं. वामनने चुकीची कळ दाबली, विमान उलटं फिरलं, तसं आणखी हसलं. पण शेवटी विमान अंधारात भरकटलं आणि वामन आपल्याशीच म्हणाला, "भीती वाटते... पण घरी तर सगळ्यांना न्यायचंय," तेव्हा कोणी हसलं नाही. जाता जाता रंभाबाईने निकाल दिला, "लाजरं हाये पोरगं. पन ऱ्हाऊ द्या."

अंगण रिकामं झालं; उषेचे वडील तेवढे पलीकडे कंदिलाजवळ आवरत होते. पडद्याची चादर चित्र आरपार दिसावं म्हणून पाण्याने भिजवलेली असे. ती पिळायला दोघं दोन टोकांना उभी राहिली. गार पाण्याने बोटं बधिर झाली होती. पिळून झाली, पहिली घडी पडली... दोघं जवळ आली. दुसरी घडी. आता तिचा श्वास धुरासारखा दिसत होता.

"एक विचारू?" श्रीकांत म्हणाला. "तुमच्या वडिलांचा निरोप... मी गजाननच्या जागेवर आहे का?"



"म्हणून महिनाभर गप्प होता?" ती म्हणाली. "बाबा दोन वर्षांपूर्वीच तुमच्याकडे निरोप धाडणार होते. मीच थांबवलं. म्हटलं, मास्तर स्वतः विचारतील..."

"आणि गजानन?"

"त्याचं नाक काढायला सोपं होतं." मग खाली बघत, "तुमचा चेहरा पण काढून बघितला होता. चार काचा खराब केल्या. हातच स्थिर राहीना."

श्रीकांत चष्म्याकडे हात नेणार होता, पण दोन्ही हात चादरीत गुंतलेले होते.

"उद्या येतो तुमच्या बाबांकडे."

"उद्या कशाला? ते काय, कंदील विझवताहेत."

तो वळला, निघाला आणि दुसऱ्याच पावलाला अडकला. चादर ताणली गेली होती. त्याने आपलं टोक सोडलंच नव्हतं.

तिनेही नाही.