दोष सापडला नाही

“गाडी डोलून राहिली आहे, भिया. राऊच्या पुलावर चढली की एकीकडे कलते.”

कस्तुरीनं वर्कशॉपच्या काउंटरवर इतकं ठासून सांगितलं, की मेकॅनिक हृषीकेश तिच्याकडे बघतच राहिला. साताऱ्याहून इंदूरला येऊन त्याला चारच महिने झाले होते. मराठी बोलता बोलता कुणी भाऊ न म्हणता इंदुरी ‘भिया’ म्हणेल, याची त्याला अजून सवय नव्हती.

त्यानं गाडी फिरवून आणली. गाडी बिचारी गाईसारखी सरळ. मग त्यानं सांगितलं, दोष सापडला नाही की आम्ही मालकालाच चालवायला बसवतो आणि मेकॅनिक नुसता शेजारी बसतो.

पुलावर हिवाळ्यातलं धुकं पिंजलेल्या कापसासारखं तरंगत होतं. स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडलेली त्यानं पाहिली. पूल उतरल्यावर कस्तुरीनंच गाडी कडेला घेतली.

डोलते ती गाडी नाही, मी... हे तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. कान, रक्त, बीपी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले होते, बिनधास्त चालवा, काही दिवस सोबतीला कुणी असू द्या. पण स्नेहलतागंजमधल्या घरी हे कळलं असतं, तर आईनं आधी किल्ली काढून घेतली असती, मग पुलापलीकडच्या महूच्या शाळेतली नोकरी सोडवली असती.

हृषीकेशनं थोडा विचार केला. त्याची ड्यूटी दहाची होती. तो सकाळी सोबत येईल, महूहून बसनं परतेल.

तो रोज येऊ लागला. चक्कर आली की ती गाडी डावीकडे थांबवायची. तो स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काय दिसतंय ते मोठ्यानं सांगा, एवढंच म्हणायचा. “गहू... बगळा... तुमचे न विंचरलेले केस...” चक्कर यायची, जायचीही.

आणि एका सकाळी त्याच्या साताऱ्याच्या बढाया ऐकता ऐकता पूल कधी मागे पडला, तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा आनंदाच्या आधी तिच्या मनात आलं, आता हा कशाला येईल?

“आज पण डोललं थोडं,” आठवड्यानंतरही शाळेजवळ थांबत ती म्हणाली.

“नाही डोललं, कस्तुरीजी.” तो समोर बघत होता. “आठवडा झाला. मला कळतं ते.”

“मग तरी येत राहिलात...?”

“येत राहिलो.” त्याचे कान लाल झाले. “पण आता तुम्ही एकट्या जाऊ शकता. जायला पाहिजे.”

तिनं इंजिन बंद केलं.

“जाईन. शनिवारपर्यंत एकटी जाईन. रविवारी मात्र सोबत लागेल.”

“रविवारी शाळा नसते ना?”

“नसतेच.”

समोर इंदूरची बस येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. हृषीकेशनं ती बस जाऊ दिली.