कोरड्या नळाचं मीटर

वैशाखाचं ऊन अमरावतीत असं पेटलं होतं की कुत्रंही सावली सोडत नव्हतं. अशा दुपारी गोदाबाई किसनराव गावंड्यांच्या खोलीचा जिना चढून आल्या. साठी उलटलेली विधवा, हातात घामानं ओला झालेला कागद. भिंतीजवळची खुर्ची सोडून त्या नेमक्या किसनरावांच्या तोंडासमोरच्या स्टुलावर बसल्या.

किसनराव आधी पोलिसात होते. साहेबाशी पटलं नाही, नोकरी सोडली आणि आता लोकांच्या भानगडी सोडवत. त्यांचा मित्र ओमप्रकाश दुपारभर तिथेच ठिय्या मारून असायचा. त्याचं कापडाचं दुकान भाऊ सांभाळायचा. माणूस सोन्यासारखा, पण डोकं म्हणजे ओल्या लाकडाची चूल. पेटायची, पण उशिरा.

"मी नळाचं पानी इकतो म्हन्तेत," गोदाबाई म्हणाल्या. "शनवारी नळ तोडतेत. चौकातल्या नळावरून पानी आनाले माहे गुडघे नाई राह्यले, भाऊ. नळ गेला की घर बंद करतो अन् रिद्धपूरले मठात जाऊन पडतो. तीस वर्सं काढली त्या घरात."

किसनरावांनी कागद वाचला. तलाव आटत चालला म्हणून नळखात्यानं गेल्या वर्षी, त्रेसष्ट साली, एक योजना काढली होती. तीन महिन्यांत मीटरवर हजार गॅलनच्या आत पाणी दिसलं, तर पाणीपट्टीत चौथाई सूट. गोदाबाईंना लागोपाठ तीनदा सूट मिळाली. चौथ्या खेपेस मीटरनं सहा हजार दाखवले. एकट्या बाईचं एवढं पाणी जातं कुठे? खात्यानं परस्पर ठरवून टाकलं, कोपऱ्यावरच्या देवमनच्या हॉटेलात.

"रोज किती पानी भरता?" किसनरावांनी विचारलं.

"दोन घागरी. तिसरीचं काम काय? कोन पेते?"

"घरी येनंजानं कोनाचं आहे?" मागच्या बाकावरून ओमप्रकाशनं विचारलं.

गोदाबाईंनी उत्तर दिलं नाही, मान वळवून पाहिलंही नाही. ओमप्रकाशला राग आला. त्या गेल्यावर तो म्हणाला, "बुढी मोठी तोऱ्याची आहे बे! नक्की इकत असन."

"चाल, घर पाहू," एवढंच किसनराव म्हणाले.

गल्लीच्या टोकाशी दोन खोल्यांचं घर. किसनरावांनी दाराची कडी वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा ओमप्रकाशनं दार थडाथडा बडवलं, तेव्हा कुठे आतून हालचाल झाली.

मोरीत एकच नळ. त्याखाली रिकामी पितळी परात, शेजारी दोन घागरी. मोरीतून बाहेर जाणाऱ्या नालीत निंबाचा वाळका पाला साठलेला, त्यावरून मुंग्यांची रांग चाललेली. गोदाबाईंची खाट दुसऱ्या खोलीत नव्हती, मोरीच्या दाराला लावूनच होती. उशीही मोरीच्याच बाजूला.

"उकाड्यात इथं झोपता?" किसनरावांनी विचारलं.

"सवय झाली," त्या म्हणाल्या आणि नजर चुकवली.

किसनरावांनी नळाची तोटी फिरवून पाहिली. पाण्याचा थेंब नाही. मग तोटी होती तशी करून ठेवली आणि बाहेर ओट्यावरचं मीटर पाहिलं. काटा गप्प उभा होता.

मीटर वाचणारा नत्थुजी देवमनच्या हॉटेलातच सापडला. शिशाच्या सीलवर त्याची बोटं रोज फिरायची, त्यामुळे मीटरवर संशय घेतला की त्याला स्वतःवर घेतल्यासारखा लागे.

"सील शाबूत आहे साहेब. मी भर दुपारी जातो, तवा काटा जागचा हालत नाई. पह्यले तीनदा आकडा बरोबर होता. संक्रांतीनंतर चढला तो चढलाच."

"गल्लीत अजून कोनाले सूट?"

"कोनालेच नाई. शेजारच्या रुख्मिणीबाईले मी म्हनलं होतं गमतीनं, बुढीले जमते त तुमाले काहून जमत नाई? लय झोंबलं तिले."

देवमन हॉटेलवाल्यानं तर कपाळावर हात मारला. "माह्या घरी चाळीस हात खोल विहीर आहे. मी कायले पानी इकत घेऊ? चहा प्या, अन् विहीर पाहून जा."

विहीर पाहिली. भर वैशाखात तिला पुरुषभर पाणी होतं.

राहिली रुख्मिणी. चार लेकरांची आई, नवरा कापसाच्या जिनिंगात कामाला. मधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे ती पापड वाळवत होती.

"खात्यात मीच सांगतलं," ती विचारायच्या आधीच म्हणाली. "खोटं काहून बोलू? डोयानं पाह्यलं. कोनाच्याच नळाले पानी नव्हतं, अन् हिच्या मीटरचा काटा भिंगरीवानी फिरून राह्यला होता! चोरी नाई त का भुताटकी म्हनू?"

"पानी केव्हा येते?"

"नेम नाई. कधी फटफटल्यावर, कधी दुपारी. आंधी नळ फुसफुसते, मंग कळते."

"पूर्वी बोलत होत्या ना तुमी दोघी?"

रुख्मिणीनं पापड उलटला. तो सुकला नव्हता तरी. "रोज मीच हाक मारत जावो, नळ आला म्हनून. संक्रांतीच्या टायमाले दोन दिवस हाका मारल्या, त हिनं वयूनबी नाई पाह्यलं. सूट भेटली न् दिमाग चढला. मंग म्या बी सोडलं. गरज काय मले?"

"बरं झालं सोडलं!" ओमप्रकाश तावातावानं म्हणाला. रुख्मिणीला ते आवडलेलं दिसलं नाही.

शुक्रवारी दुपारी किसनरावांनी सगळ्यांना गोदाबाईंच्या ओट्यावर जमवलं. रुख्मिणी तेवढी मधल्या भिंतीपलीकडेच उभी राहिली. नळखात्याचे ओव्हरसीअर घड्याळ पाहत उभे होते. आज तीनला पाणी सोडणार, हे किसनरावांनी त्यांच्याकडूनच काढून घेतलं होतं.

"मीटर पाहत राहा," किसनराव म्हणाले.

तीनवर पाच मिनिटं झाली आणि मोरीतला नळ फुसफुसला. ओट्यावरचा काटा थरथरला आणि गरगर फिरू लागला. ओव्हरसीअर आत धावले. परात कोरडी ठणठणीत.

किसनरावांनी तोटी बंद केली. काटा थांबला. उघडली, फिरला.

"भुताटकी!" नत्थुजी ओरडला.

"हवा," किसनराव म्हणाले. "पाणी नसलं की पाइप हवेनं भरतो. पाणी सुटलं की पुढची हवा रेटली जाते. तोटी बंद असली तर तिला वाट नाही. उघडी असली तर ती मीटरमधून जाते, अन् मीटरले हवा काय, पाणी काय, काही कळत नाही. या नालीत पाला वाळला आहे, मुंग्या चालून राहिल्या आहेत. हजारो गॅलन पाणी इथून गेलंच नाही. घागरी भरून विकलं म्हणावं, तर देवमनकडं विहीर आहे. अन् परवा मी तोटी फिरवली तेव्हा ती उघडीच होती, मी बंद करून पाहिली. कोरडा नळ दिवसभर उघडा."

"उघडा काहून ठेवते पन?" ओमप्रकाशनं विचारलं.

"त्याचं उत्तर तूच काढलं होतं. तू मागून विचारलं तेव्हा बाई बोलल्या नाहीत, तुले तोरा वाटला. त्या माह्या समोर बसल्या, कारण त्यांना ओठ पाहावे लागतात. दार तीनदा वाजवावं लागलं. खाट मोरीला लावली, उशी तिकडे केली, नळाखाली परात ठेवली. पाणी परातीत आदळलं की तेवढा आवाज त्यांना जेमतेम कळते. रुख्मिणीबाई, तुमच्या हाका यांनी टाळल्या नाहीत. त्यांना त्या ऐकूच गेल्या नाहीत."

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळं त्यांनी किसनरावांच्या ओठांवरून वाचलं होतं.

"पुस महिन्यात ताप आला होता," त्या हळूच म्हणाल्या. "तवापासून कान गेले. सांगतलं नाई कोनाले. बहिरी बुढी एकटी कशी राह्यते म्हनतेत, अन् हाकलतेत मठात. मले वाटलं, रुख्मिणीनं बोलनं सोडलं. मंग परात मांडली."

पाणी आलं. परात दणदणू लागली, तरी कुणी तोटीला हात लावला नाही.

ओव्हरसीअरांनी खाकरून नोटीस फाडली. "सूटही चालू राहील. फक्त तोटी बंद ठेवा, बाई."

गोदाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बंद ठेवतो. मंग नळ आला हे मले कळन कसं?"

साहेबांजवळ त्याला नियम नव्हता. रुख्मिणी भिंतीला वळसा न घालता सरळ भिंत ओलांडून आली. वाहती तोटी तिनं बंद केली, गोदाबाईंच्या पुढ्यात बसली आणि तोंड वर करून एकेक शब्द सुटा सुटा बोलली, "मी येईन. हात धरून उठवीन. रिद्धपूरचं नाव काढसान त याद राखा!"

मग ती स्वतःच रडू लागली. गोदाबाई तिची पाठ थोपटत राहिल्या.

परतताना ओमप्रकाश बराच वेळ हिशेब जुळवत होता. चौकात त्याची चूल पेटली.

"काहून बे किसन, तुलेबी त दर खेपेस सूट भेटते. माह्या घरी अकरा मानसं, आमाले एकदाबी नाई. तू करतो तरी काय?"

"काई नाई करत. घरी पानी मांगाले दुसरं कोनी नाई."

ओमप्रकाश थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट लगेच कळली होती. "जेवाले चाल घरी," तो म्हणाला.

"येईन कधी."

किसनराव जिना चढले, कुलूप काढलं. सकाळी भरलेला माठ अजून गळ्यापर्यंत भरलेला होता. त्यांनी पेलाभर पाणी घेतलं आणि खिडकीशी उभं राहून सावकाश प्यायले.