पाण्याखालच्या गुहेतले घोडे

पाण्याखालून वाट असलेल्या गुहेत हजारो वर्षांपूर्वीची घोड्यांची चित्रं आहेत, असा दावा भावोजींनी केला होता. तो खरा की खोटा हे ठरवायला पुरातत्त्व खात्याने त्यांच्याच मेहुणीला पाठवलं. गुहाचित्रांची पारख असलेलं आणि खोल पाण्यात उतरणारं दुसरं कोणी खात्यात नव्हतंच.

भावोजी पेशाने पाणबुडे. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भंगारातला नांगर बुडालेल्या जहाजाचा म्हणून त्यांनी एकदा शेजाऱ्याच्या गळ्यात मारला होता. त्यामुळे होडी कड्याखाली थांबली तरी मेहुणीच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: हे घोडे यांनीच तर काढले नसतील?

“आत हवा आहे, पण विषारी. तोंडातली नळी काढायची नाही,” भावोजींनी बजावलं.

“मग ताज्या रंगाचा वास कसा घेणार?”

“तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

“तुमच्यावर आहे हो. तुमच्या घोड्यांवर नाही.”

ताई दोराचं टोक धरून होडीत बसली होती आणि नवऱ्याकडे बघायचं टाळत होती. तेही बहिणीला खटकलं.

अठरा मीटर खाली कपारीचं तोंड होतं. दोर धरून दोघं आत शिरली. बोगदा इतका अरुंद, की पाठीवरची टाकी छताला घासत होती आणि पाय जरा हलला की गाळ उठून पुढचं काही दिसत नव्हतं. मग वाट वर चढली आणि डोकी पाण्याबाहेर आली.

दिव्याच्या उजेडात तीन काळे घोडे! आयाळ ताठ, पोटाच्या जागी भिंतीचा फुगवटा नेमका वापरलेला. इतके सुरेख, की तिचा संशय दुप्पट झाला. भावोजी दिवा लांबच का धरताहेत? जवळ का जाऊ देत नाहीत? भिंग धरायला तिने हातमोजा काढला आणि ते पाठमोरे होताच नळीही काढली. मग खोल श्वास घेतला.

वास नव्हता. दुसऱ्या श्वासाला धाप लागली. चौथ्याला घोडे गरगरू लागले! आधारासाठी तिने हात टाकला. ओला पंजा घोड्याच्या मानेवरून सर्रकन घसरला. भावोजी झेपावले. त्यांनी नळी तिच्या तोंडात कोंबली आणि श्वास थाऱ्यावर येईपर्यंत तिला घट्ट धरून ठेवलं. तेवढ्यात तिने पाहिलं: तळवा स्वच्छ होता. आयाळीची रेघ न् रेघ शाबूत होती. रंगावर चुन्याचा काचेसारखा थर चढला होता आणि तसा थर कुणा पाणबुड्याला एका उन्हाळ्यात चढवता येत नाही.

परतताना गाळ उठला. काळोख! दोर कुठाय? भावोजींनी तिची बोटं दोरावर आवळली. तिने तो सोडला नाही.

होडीत ताईने तिला टॉवेलात गुंडाळलं. “यांनीच काढलेत ना? खरं सांग,” ती हळूच म्हणाली. भावोजी मान खाली घालून टाकीचे पट्टे सोडत होते.

“घोडे खरे आहेत, ताई.”

भावोजींचे हात थांबले. “रंगाचा नमुना कुठाय? पुराव्याशिवाय कोण मानणार? मी परत जातो, एकटाच.”

“त्या हवेत? मुळीच नाही.”

पुरावा होता, पण तो तिच्याच गळ्याशी येणार होता. चित्राला हात लावणाऱ्याला खातं पुन्हा गुहेत पाऊल टाकू देत नसे. बारा वर्षांचं काम होतं तिचं. तिला रडू आलं. तरी तिने नोंदवही मांडीवर घेतली आणि लिहिलं: ‘चित्राला मी उघडा, ओला हात लावला. रंग निघाला नाही.’

खाली सही करून तिने वही ताईच्या हातात दिली.