शेवटचा पॉइंट

पटलं तर घ्या, नाही पटलं तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन विचारा. यातलं अक्षरही पदरचं नाही.

२३ फेब्रुवारी २०२३. गुरुवार. ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस ज्या दिवशी सुरू होतात, त्या राखेच्या बुधवारचा दुसरा दिवस. दुपारचे साडेतीन. अमावस्या नाही, अंधार नाही, डोक्यावर रणरणतं ऊन. भुताला रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरा सावकाश वाचावं.

आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर अल्पेशचं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल, बोटीवरचे वायरलेस आणि कोळी लोक हातात धरून वापरतात ते जीपीएस. हात सोन्याचा. खोड एकच. दुरुस्तीला आलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे, ते बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. अर्ध्या गावाची लफडी त्याला तोंडपाठ.

सोमवारी पुतळाबाई आली. शत्रुघ्न तांडेलाची बायको. शत्रुघ्न स्वतःची बोट स्वतः चालवायचा. ऑक्टोबरात भर समुद्रात तो बोटीवरून पडला.

सापडलाच नाही.

बोट परत आली. त्याचं जीपीएस परत आलं. पडदा मात्र काळाठिक्कर.

"आता माझा कृष्णा बोट नेनार," पुतळाबाई म्हणाली. "बापाचे पॉइंट हवेत त्याला. पडदा बरा कर. पन आत बघू नको."

"काकी, पडदा न बघता पडदा बरा कसा करू?"

"ते तुझं तू बघ. शपथ घे."

ती थट्टा करत नव्हती. कुठे मासळी लागते ती जागा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, मशीनमध्ये साठवतो. तोच पॉइंट. एक वेळ तो बायकोचे दागिने दाखवील, पॉइंट नाही दाखवणार. अल्पेशने गळ्यातला क्रूस हातात धरून शपथ घेतली.

शपथ मंगळवारपर्यंत टिकली.

बॅटरी ठीक होती. पडद्याला जोडणारी आतली पट्टी ठीक होती. म्हणजे पडदाच गेलेला. त्याने एका बंद मशीनचा पडदा काढून बसवला, बटण दाबलं…

लागला!

एक्केचाळीस पॉइंट. प्रत्येकाला तांडेलाने नाव दिलेलं. फक्त शेवटच्याला नाव नव्हतं.

आता अल्पेशची बहीण रोझलीन. तिचा नवरा सेबेस्टियन लागोपाठ तीन फेऱ्या रिकामं जाळं घेऊन परतला होता. बहीण फोनवर रडलेली. बुधवारी अल्पेशने तो बिननावाचा पॉइंट चिठ्ठीवर उतरवला.

"भावोजी, हा सगळ्यात शेवटी टाकलेला. म्हणजे सगळ्यात नवी जागा. नाव द्यायलाही वेळ झाला नाही बिचाऱ्याला."

"उपासाच्या दिवसांत चोरीचा माल देतोस?" सेबेस्टियन हसला. पण चिठ्ठी खिशात गेली.

गुरुवारी पहाटे चार खलाशी घेऊन त्याची बोट निघाली.

आणि दुपारी साडेतीनला, मशीनचं झाकण बंद करायच्या आधी अल्पेशने शेवटचं एकदा पडद्याकडे पाहिलं, तर…

डाग.

ओल्या अंगठ्याने दाबल्यासारखा. काळपट. बरोबर त्या शेवटच्या पॉइंटवर.

त्याने काच पुसली. डाग तसाच.

पट्टी काढून परत लावली. तसाच.

त्याने तिसरा पडदा बसवला. अगदी नवा, पाकिटातला.

डाग होता. आता थोडा मोठा.

पडदा बदलला तरी डाग तोच… म्हणजे दोष पडद्यात नाही. मग कशात?

तेवढ्यात पुतळाबाई दारात उभी राहिली. "झालं का रे?"

अल्पेशला राहवलं नाही. "काकी… तो शेवटचा पॉइंट कसला?"

"बघितलंस ना?" ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, हेच वाईट. "तो मासळीचा नाय. ते पडले ना, तवा कृष्णानं घाईत बटन दाबलं. शोधायला जागा हवी म्हनून. दोन दिस तिथंच फिरली बोट. आमी त्या जागी जालं टाकत नाय. कोनीच नाय टाकत."

अल्पेशने मशीन तिच्या हातात कोंबलं.

दुकानात तपासायला ठेवलेला वायरलेस होता. त्याने तो चालू केला.

"भावोजी! भावोजी, ऐकताय?"

खरखर…

"बोल," सेबेस्टियनचा आवाज. खुशीत. "अरे, काय जागा दिलीस! जालं हलत नाय. पाच जन ओढतोय."

"कापा! जाळं कापून टाका!"

"डोकं फिरलं काय तुझं? आता काठाला आलंय… सालं, लय जड…"

खरखर.

मग काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

पुतळाबाईच्या हातात मशीन होतं. ती पडद्याकडे बघत होती.

"अल्पेश," ती म्हणाली, "डाग गेला रे."

त्याच क्षणी सेबेस्टियन परत बोलला. आवाज वेगळाच. "हलकं झालं. एकदम… आत काय नाय. एक मांदेलीसुद्धा नाय."

संध्याकाळी बोट धडधाकट परत आली. माणसं पाच गेली, पाचच उतरली. अल्पेशने तीनदा मोजली. पुतळाबाई मशीन घेऊन, त्याच्याकडे एकदाही न बघता निघून गेली.

सुटलो, असं अल्पेशला वाटलं.

शनिवारी सेबेस्टियन दुकानात आला. स्वतःचं जीपीएस टेबलावर ठेवलं. "याचा पडदा बघ. मधोमध काळं आलंय."

जीपीएसच्या मधोमध काय असतं? आपण. आपण जिथे उभे आहोत, ती खूण.

अल्पेशने पडदा बदलला नाही. त्याने नकाशा जवळ आणला, रस्ता दिसेल इतका. मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "भावोजी, त्या नाक्यावरून जरा दोन चहा सांगून या."

सेबेस्टियन रस्त्याने निघाला.

मशीन टेबलावरच होतं. खूण मधोमध होती.

डाग मात्र हलला…

मधून निघाला. रस्त्याला लागला. नाक्यापर्यंत गेला. तिथे थांबला.

आणि चहावाल्याशी दोन शब्द बोलून सेबेस्टियन वळला, तेव्हा डागही वळला.

अल्पेशने मशीन बंद करून खणात टाकलं. ते आजही तिथेच आहे. सेबेस्टियन दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सासरी, अल्पेशच्या घरी, जेवायला येतो. हल्ली त्याच्या खुर्चीखालची फरशी ओली असते, रोझलीन ती पुसते. जेवून उठताना तो विचारतो, "काय रे, झाला का माझा पडदा?"

"उद्या देतो, भावोजी," अल्पेश म्हणतो. त्याच्याकडे बघत नाही. त्याच्या मागेही बघत नाही.