तुलनेसाठी निरोगी तरुण हवा

"अन्नाशी असं वैर धरून चालत नाही, बाळा," सिस्टर म्हणाल्या. "हृदय म्हणजे शेवटी स्नायूच. उपाशी ठेवलंस की तोही वाळतो, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या ताठरतात. पण नीट खात राहिलास, की हळूहळू सावरतं सगळं. समजलं?"

समोरचा तरुण नम्रपणे मान हलवत होता. अंगावर मांस असं नव्हतंच. हँगरला लावून विसरलेला शर्ट दिसावा, तसा दिसत होता.

शेजारच्या खुर्चीतली मुलगी तोंडावर हात दाबून बसली होती. कारण पेशंट ती होती.

त्या इस्पितळात एक अभ्यास चालला होता. जेवण सोडलेल्या आणि आता सावरत असलेल्या प्रत्येक तरुण रुग्णामागे त्याच वयाचा एक निरोगी माणूस तुलनेला घ्यायचा. तपासणी दोघांची एकाच वेळी, मधे पडदा ओढून. तर तो निरोगी माणूस म्हणजे हा. शाळेत भूगोल शिकवायचा, चारी ठाव जेवायचा आणि तरी काडीपैलवानच राहिला होता.

"तुम्ही बोलला का नाहीत?" सिस्टर गेल्यावर तिनं विचारलं.

"इतक्या मायेनं कुणी रागावतच नाही हो... म्हटलं, होऊ दे पूर्ण."

ती खळखळून हसली. पलीकडे बसलेल्या आईनं मासिकातून डोकं वर काढलं आणि हसणारी आपलीच मुलगी आहे ना, याची खात्री करून घेतली.

ती मुलांना पोहायला शिकवायची. सध्या काठावरून, शिट्टी फुंकून. हृदय सावरल्याशिवाय पाण्यात पाऊल घालायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मुलं विचारायची, "ताई, तुम्हाला नक्की पोहता येतं ना?" या प्रश्नावर ती शिट्टी जरा जास्तच जोरात फुंकायची.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती. तोवर भूगोलमास्तर तलावावर येऊ लागले. पोहता येत नव्हतं. तुलनेसाठी येतो, म्हणाले. बाकावर बसायचं, डबा उघडायचा, एकट्यानं खायचं.

"मला आग्रह नाही करत तू?" तिनं एकदा विचारलं.

"तुझी आई करते ना. ती जागा भरलेली आहे."

त्या संध्याकाळी तिनं आपणहून त्याच्या डब्यातलं अर्धं सँडविच उचललं. ते संपायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तो समोरच्या भिंतीला ज्वालामुखी समजावून सांगत होता.

तपासणीचा दिवस आला. दोन खाटा, मधे पडदा. पडद्याअलीकडे ती छताकडे बघत पडली होती. आज नाही म्हणाले, तर पुन्हा काठ... पुन्हा शिट्टी. तिच्या यंत्राची टिकटिक मात्र शहाण्या मुलीसारखी चालली होती. पलीकडचं यंत्र सुसाट सुटलं होतं.

"बाळा, कॉफी घेतलीस का?" सिस्टरांचा आवाज आला.

"नाही."

"जिना चढून आलास?"

"लिफ्टनं."

"मग हे ठोके कसले?"

मग, अगदी हळू—

"सिस्टर... पडदा फार पातळ आहे हो."

सिस्टरांनी थांबून पाहिलं, पाणी पाजून पाहिलं, शेवटी हाताचा पट्टा सोडला. "निरोगी म्हणून घेतलं होतं तुला! जा. बाद."

मग डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. ती बाहेर आली, तेव्हा तो जुन्याच खुर्चीत बसला होता.

"काय म्हणाले?"

"हृदय भरून आलंय. रक्तवाहिन्याही वयाला शोभतील अशा मऊ झाल्यात..." तिचा आवाज ओला झाला. "पाण्यात उतरायला सांगितलंय. हळूहळू. खाण्यात कुचराई केली, तर पुन्हा काठावर. तुझं काय?"

"मी नॉर्मल नाही म्हणे."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले. याच खुर्चीत सुरू झालं... तू हसलीस, तेव्हा."

तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला उठवलं.

"शनिवारी तलावावर ये. पोहायला शिकवते."

"आणि बुडालो तर?"

"काडी कधी बुडते का रे? चल, आधी कॅन्टीन. मला भूक लागलीय."

मागून आई येत होती. तिनं ते ऐकलं, जागच्या जागी थांबली आणि मासिक उघडून उभ्या उभ्या वाचायला लागली. मासिक उलटं होतं.