जोडी हवी आहे

घंटा घणघणली आणि कॅनबेराच्या संसदेतला शांत कॉरिडॉर एकदम उधळला. सिनेटर मंडळी मतदानाला पळत सुटली. त्या धांदलीत एक उंच तरुण मिरेलावर असा आदळला की तिच्या हातातलं खोकं उडालं आणि लष्करी बुटांचा नवाकोरा जोड जमिनीवर! "सॉरी, सॉरी..." म्हणत त्यानं सांडलेल्या फायली कवटाळल्या आणि धूम ठोकली. फायलींबरोबर डावा बूटही गेला.

हसावं की रडावं, मिरेलाला कळेना. ती बूट-उत्पादक संघाची प्रतिनिधी. सैन्याचे बूट देशातच शिवावेत, ही विधेयकातली त्यांची दुरुस्ती आज दुपारी सिनेटपुढे मतदानाला यायची होती. ती फेटाळली गेली, तर ॲडलेडचा कारखाना बंद. तिची आई तिथेच शिवणयंत्रावर बसायची.

तेवढ्यात फोन आला. त्यांच्या बाजूनं मत देणाऱ्या सिनेटर डोरीनबाई अपेंडिक्सनं इस्पितळात! एका मताचा तर सगळा खेळ होता.

ती धावतच विरोधी प्रतोदाच्या ऑफिसात शिरली. टेबलामागे तोच! पाटीवर नाव हॅमिश, समोर तिचा बूट.

"मला जोडी हवीय," ती धापा टाकत म्हणाली.

"इतक्या लवकर? अजून माझं नावही विचारलं नाहीस." त्यानं हसून बूट पुढे केला.

"ही नव्हे रे! मतदानातली. डोरीनबाई आजारी आहेत... आमचं एक माणूस बाहेर, तर तुमचंही एक बाहेर ठेवा ना!"

"तुमचा संघ म्हणजे कमाल आहे. आठवडाभर आमच्या दारात जोडे झिजवताय."

"आमचे जोडे झिजत नाहीत."

तो हसता हसता थांबला. तिचे डोळे भरून आले होते.

"थांब... प्रतोदसाहेबांशी भांडून येतो."

दाराआडून आवाज चढले. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मिळाली!"

दुपारी दुरुस्ती एका मतानं पास झाली. अंगणातल्या कडाक्याच्या थंडीत मिरेला फोनवर ओरडत होती, "आई, जिंकलो!" आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मागे हॅमिश उभा होता, हातात डावा बूट.

"माझ्या टेबलावरच विसरलीस... की मुद्दाम?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं—" तो अडखळला. "मला वाटतं, आता मलाच जोडी हवीय. तुझी."

आत घंटा घणघणली.

"मतदान आहे, पळ!" ती लाजून म्हणाली.

"कसा पळू? माझी जोडी बाहेर आहे."